तुझं नववीचं दुसरं वर्ष

ताई, तुझी तेरवी झाली. पवनारहून पाहुणे गेले, शेजाऱ्यांकडून आणलेल्या चटया आणि गंज-पातेली ज्याची त्याला परत गेले, आणि मी मायला घेऊन आपल्या गावी आले. कचेरीतून घेतलेली रजा थोडी उरली आहे. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदीतल्या माझ्या खोलीवर लगेच जावंसं वाटलं नाही. इथंही काही वाटत नाही. सकाळी उठते, चहा पिते, मायला हाताखाली मदत करते. भूक लागते. भूक वेळेवर लागते हेच मला विचित्र वाटतं.

मी रडले नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. मला ऐकू येत नाही म्हणून काकूला वाटलं, हिला अजून कळलंच नाही. तुला अंगणात ठेवलं होतं, मी तुझ्या पायाशी बसले होते, आणि तरी काकू उठून माझ्याजवळ आली, माझ्या कानाला तोंड लावून ओरडली. काय ओरडली ते मला ऐकू आलं नाही, पण तिचा श्वास कानाला गरम लागला. मी मान हलवली. मला समजलं आहे, असं म्हणाले. मग कानातलं यंत्र काढून पिशवीत ठेवलं. त्यातून नुसता कालवा येत होता.

रडणाऱ्या माणसाचं तोंड वाचता येत नाही. उघडं असतं, पण त्यातून शब्द निघत नाहीत. त्या दिवशी तुझ्या अंगणात एवढी माणसं होती आणि मला एकाचंही काही कळत नव्हतं. फक्त तुझी गुड्डी आली. माझ्या मांडीवर बसली, माझी हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडं वळवलं आणि सावकाश विचारलं, "मावशी, आई कवा उठते?" तीन वर्षांची पोर. मावशीशी असंच बोलायचं असतं हे तू तिला शिकवलं असणार. मी म्हणाले, "उठत नाही आता." ती उठून भाऊजींकडं गेली.

दवाखान्यात मी तुला एकदाच भेटले. कावीळ पोटात उतरली आहे, असं भाऊजींनी मला कागदावर लिहून दाखवलं होतं. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. ओठ फुटले होते आणि तुला ते नीट हलवता येत नव्हते. तू मला जवळ बोलावलंस आणि काहीतरी म्हणालीस. मी म्हटलं, परत बोल. तू परत बोललीस. तिसऱ्यांदाही बोललीस. आयुष्यभर जे तोंड मी सगळ्यात सोपं म्हणून वाचलं, ते मला वाचता आलं नाही. मी मान हलवली, कळल्यासारखी. तुला ते खरं वाटलं की नाही, माहीत नाही. तू डोळे मिटलेस.

तेव्हापासून मी दुसरंच काहीतरी आठवत असते. शाळा आठवते. उन्हाळ्याची सुटी आणि येणारा नवा वर्ग.

सत्तर सालच्या आसपास मला तो मोठा ताप आला, तेव्हा मी पाच वर्षांची होते. ताप उतरला आणि कान गेले. एस.टी.चा हॉर्न, पोळ्याच्या बैलांपुढचा ढोल, असलं काही अंगावर येऊन आदळायचं, बाकी काही नाही. बोलायला मी आधीच शिकले होते, म्हणून बोलणं राहिलं. तू माझ्याहून दीड वर्षानं मोठी आणि शाळेत एक वर्ग पुढं. मला पहिलीत घातलं तेव्हा गुरुजींनी दिवाळीपर्यंत वाट पाहिली आणि मग बाबांना सांगितलं, पोरीला घरीच ठेवा, तिचे हाल कशाला. बाबांनी मला घरी ठेवलंही. मी मायच्या मागं मागं शेतात जायला लागले.

घरी तू माझ्याशी बोलायचीस ते मला कळायचं. कसं कळतं ते कुणाला समजत नव्हतं, मलाही नाही. तूच पहिल्यांदा बाबांना दाखवलंस. मला ओट्यावर उभं केलंस, आवाज न काढता नुसते ओठ हलवलेस आणि मी उत्तर दिलं. तू म्हणालीस, बैल किती, मी म्हटलं दोन. तू म्हणालीस, काकूचं नाक कसं आहे, मी म्हटलं बसकं. बाबा हसले. मग हसायचे थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला परत शाळेत नेऊन बसवलं.

पण तुझं तोंड वेगळं आणि गुरुजींचं वेगळं. हे लोकांना सांगून पटत नाही. ऐकणाऱ्यांना वाटतं, शब्द म्हणजे शब्द. पाय, बाय आणि माय हे तीन शब्द ओठांवर एकच दिसतात. कोणता आहे ते बोलणाऱ्याच्या सवयीवरून ओळखावं लागतं, आणि सवय कळायला महिने जातात. पहिलीच्या गुरुजींचं तोंड मला उन्हाळ्याच्या तोंडावर समजायला लागलं. तेवढ्यात वर्ग बदलला. जूनमध्ये दुसरीत गेले तर समोर नवीनच माणूस. मी पहिल्या दिवशी घरी आले आणि तुला सांगितलं, मला आता पहिलीतच बसायचं आहे, कायमचं.

पुढच्या उन्हाळ्यात तू ते सुरू केलंस.

तू एक वर्ग पुढं असल्यामुळं मला जे गुरुजी येणार ते तुझे झालेले असायचे. आणि नकला करणं तुझ्या अंगातच होतं. मे महिन्यात दुपारी सगळं गाव दारं लावून पडलेलं असायचं तेव्हा आपण गोठ्यात बैलबंडीच्या सावलीला बसायचो आणि तू ढोले गुरुजी व्हायचीस. ढोले गुरुजींच्या मिशा वरच्या ओठावर पडलेल्या, खालचा तेवढा दिसायचा. तू घरातल्या कापसाची मिशी करून गुळाच्या पाकानं चिकटवलीस. त्यावर मुंग्या आल्या तरी तू पाढे म्हणतच राहिलीस. मी खालच्या ओठावरून पाढे ओळखायला शिकले. त्यांची डावी भुवई प्रश्न विचारताना वर जाते, हेही तू दाखवून ठेवलंस. पाचवीच्या काळबांडे बाई सुपारी चघळत शिकवायच्या. त्यांच्यासाठी तू गालात चिंचोका धरून अख्खी कविता म्हणून दाखवायचीस. मध्येच तो गिळलास आणि आपण दोघी घाबरून मायकडं धावलो.

जूनमध्ये पहिल्या दिवशी तू आधी माझ्या वर्गात यायचीस. गुरुजींसमोर उभी राहून सांगायचीस, "गुरुजी, हिले ऐकू येत नाई. पण तोंड पाहून समजते. हिले समोर बसवा अन् फळ्याकडं पाहून बोलू नका." कुणी ऐकून घ्यायचं, कुणी हाकलायचं. ढोले गुरुजींना तर तू म्हणालीस, "मिशी थोडी कापान का?" सगळा वर्ग हसला. त्यांनी तुला दाराबाहेर उभं केलं. तू तास संपेपर्यंत दाराबाहेर उभी होतीस आणि मला तिथून खाणाखुणा करत होतीस की काही नाही, मी बरी आहे. पुढच्या बाजाराच्या दिवसानंतर गुरुजी वर्गात आले तेव्हा वरचा ओठ दिसत होता. तू मधल्या सुटीत त्यांना पाणी नेऊन दिलंस.

असे मी एकेक वर्ग चढले. सातवीपर्यंत. आपल्या गावची शाळा तिथं संपायची.

त्या वेळी घरात दोन विचार होते. बाबांना कुणीतरी नागपूरच्या शाळेबद्दल सांगितलं होतं. तिथं माझ्यासारखीच मुलं होती, राहायची जेवायची सोय होती. बाबा जाऊन बघून आले. म्हणाले, मुलं हातांनी बोलतात, भराभर, आणि हसतातही. त्यांना ती शाळा आवडली होती. मी तेव्हा काय म्हणाले ते मला आठवत नाही; बहुतेक मला कुणी विचारलं नाही. तू मात्र चुलीपुढं उभी राहून बाबांना म्हणालीस, "ते तिकडं एकटी रडन. आंजीच्या शाळेत मी आहोच न. मी नेईन तिले, मी आणीन." तू चौदा वर्षांची होतीस. बाबांनी मायकडं पाहिलं, मायनं मान हलवली आणि मी आंजीच्या हायस्कूलमध्ये आठवीत गेले.

पुढं वर्ध्याला नोकरी लागल्यावर हातांनी बोलणारी दोन माणसं मला भेटली. त्यांचं बोलणं बघत मी बसस्टँडवर बस सोडून उभी राहिले. दिवाळीत तुला सांगितलं की मला तिथं आवडलं असतं, नागपूरला. तू गुड्डीला भरवत होतीस. म्हणालीस, "मंग जावाचं होतं." आणि थोड्या वेळानं, "मले काय माहीत होतं तवा." तो विषय तसाच राहिला. तू चुकलीस असं मला म्हणायचं नव्हतं. मला नुसतं सांगायचं होतं.

आंजीला जायला आपल्याला पांदणीनं चालावं लागायचं. दोन्ही बाजूंना कपाशी, मध्ये बंडीची चाकोरी. शेजारी चालणाऱ्या माणसाचं तोंड मला दिसत नाही, म्हणून तू माझ्यापुढं उलटी चालायचीस. दप्तर पोटाशी धरून, पाठ आंजीकडं आणि तोंड माझ्याकडं, सगळा रस्ता बोलत. मी तुला सांगायचे, दगड आहे, डावीकडं हो, गाय येते आहे. शेतातल्या बाया आपल्याला बघून हसायच्या. तू पडायचीस कधी कधी. उठून परत उलटी.

पण आठवी वेगळी होती. तिथं तासाला नवा माणूस. मराठीला एक, भूगोलाला दुसरे, विज्ञानाला तिसरे, घंटा झाली की समोरचं तोंड बदललेलं. एका मे महिन्यात तू एवढ्या जणांच्या नकला कशा करणार. तू केल्यास, पण त्या एकमेकींत मिसळून गेल्या. त्यात त्या वर्षी मला शिबिरात ते यंत्र मिळालं होतं, छातीवर डबी आणि कानापर्यंत वायर. त्यातून बाक सरकल्याचा आवाज मोठा यायचा आणि माणसाचा बारीक. पोरं डबीवर टिचक्या मारून पळायची. मधल्या सुटीत तू नववीच्या वर्गातून धावत यायचीस, डबा माझ्यासोबत खायचीस आणि माझ्या बाकावरच्या शेजारणीकडून सकाळी काय काय शिकवलं ते विचारून मला सांगायचीस. घरी परतताना पुन्हा तेच. तुझा स्वतःचा अभ्यास तू कधी करत होतीस ते मला दिसलं नाही.

एका विषयात मात्र मला तुझी गरज पडायची नाही. इंगळे सर बीजगणित शिकवायचे. ते फार कमी बोलायचे. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करून उजव्या कोपऱ्यात गणित संपवायचे. त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतंच. जे होतं ते सगळं फळ्यावर होतं. पहिल्यांदाच मला वर्गात इतरांएवढंच मिळत होतं. मी सगळ्यांच्या आधी उत्तर काढायचे.

वार्षिक परीक्षा झाली. मी आठवी पास झाले. तू नववीत नापास झालीस.

निकालाच्या दिवशी घरात कुणी तुला रागावलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "लहानीच्या मागं राहून मोठीचं वर्ष गेलं." ते माझ्याकडं बघून म्हणाले नव्हते, पण मला तोंड दिसलं. तू गोठ्यात गेलीस आणि बराच वेळ आली नाहीस. मी तुझ्या मागं येऊ नये म्हणून मायनं मला पाण्याला पाठवलं. संध्याकाळी तुला मी विचारलं, "तू मुद्दाम नापास झालीस ना? माझ्यासोबत बसता यावं म्हणून?"

तू माझ्याकडं बघत राहिलीस. मग हसलीस. "गप वं," म्हणालीस.

मी त्याचा अर्थ हो असा घेतला. चौदाव्या वर्षी दुसरा कुठला घेणार.

आणि मग आपण दोन वर्षं एका बाकावर बसलो. त्या दोन वर्षांसारखं मला पुढं काही मिळालं नाही. सर फळ्याकडं तोंड करून बोलले की तू वहीच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहायचीस. कुणी मागून मला हाक मारली तर तुझं कोपर लागायचं. वर्गात कुणी गमतीचं बोललं तर मी बाकीच्यांच्या सोबतच हसायचे, मागाहून नाही. बदलत्या वर्गाची भीती निघून गेली. दहावीचा पहिला दिवस मी नीट आठवून पाहिला. त्या दिवशी समोर कोण येणार हे मी तुला विचारलंही नव्हतं.

बीजगणित मी तुला समजवायचे. पांदणीतल्या मातीत काडीनं गणित मांडायचे आणि तू उकिडवी बसून बघायचीस. तू म्हणायचीस, "हे इकडून तिकडं गेलं का उलटं काऊन होते?" मी सांगायचे. दुसऱ्या दिवशी तू परत तेच विचारायचीस. मी परत सांगायचे. मला खात्री होती की हे सोंग आहे. एवढी सगळ्यांची हुबेहूब नक्कल करणारी तू, ढ मुलीची नक्कल करणं तुला काय कठीण. मला वाटायचं, मला बरं वाटावं म्हणून तू न समजल्याचं दाखवतेस. मी मनातल्या मनात तुझे आभार मानायचे आणि काडी घेऊन पुन्हा मांडायचे.

दहावी दोघी पास झालो. माझे गुण बरे आले. तुझे काठावर. बाबांनी मला वर्ध्याला कॉलेजात घातलं आणि तुझ्यासाठी पवनारचं स्थळ पाहिलं. भाऊजी चांगले होते, शेती होती, धाम नदीच्या काठाला भाजीपाला होता. तू नाही म्हणाली नाहीस. पण मला ते सहन झालं नाही. तुझ्या हळदीच्या आधी एका दुपारी आपण माळ्यावरून डबे काढत होतो तेव्हा मी म्हटलं, "तू माझ्यासाठी वर्ष घालवलंस. ते घालवलं नसतंस तर तुझंही मन अभ्यासातून उडालं नसतं, तूही कॉलेजात आली असतीस. मी तुला सांगितलं होतं का असं कर म्हणून? हे ओझं मी कुठं ठेवू?"

तू डबा खाली ठेवलास. म्हणालीस, "मंदे, तसं नोतं ते."

"मग कसं होतं?"

तू तोंड फिरवलंस. सगळ्या आयुष्यात तू माझ्याशी बोलताना तोंड फिरवलं नव्हतंस. तुझी पाठ हलत होती म्हणजे तू काही बोलत असावीस किंवा रडत असावीस. मला कळायचा काही मार्ग नव्हता. मी समोर आले तर तू पुन्हा वळलीस. मग मी खाली उतरून गेले.

त्यानंतर तू सासरी गेलीस, मी टायपिंग शिकले, बारावी झाले, कचेरीत लागले. तू वांगी आणि पालक घेऊन वर्ध्याला आलीस की माझ्या खोलीवर यायचीस. घरमालकांकडं टीव्ही आला होता. आपण मागं बसून बघायचो आणि तू बातम्या देणाऱ्या बाईची नक्कल करायचीस, आवाज न काढता, नुसत्या तोंडानं. मी नववीच्या त्या वर्षावर आणखी एकदोनदा आले. तू "जाऊ दे न" म्हणायचीस आणि मी जाऊ द्यायचे. मला वाटायचं, तुझा मोठेपणा आहे, बोलून दाखवत नाही. तुझ्यापुढं मी नेहमी थोडी वाकून राहिले. तू आणलेली भाजी घेतानाही मला वाटायचं की मी नुसती घेतच आले आहे.

काल दुपारी माय आणि मी ओसरीत तुरीची डाळ निवडत बसलो होतो. बाबा आत झोपले होते. मी मायला म्हटलं, ताईनं माझ्यासाठी नववीचं वर्ष वाया घालवलं, आणि मी तिच्यासाठी काहीच केलं नाही. मी हे रडत म्हटलं नाही. सूप हातात होतं, आणि ते म्हटलं गेलं.

मायनं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं माझ्या हातातलं सूप घेऊन खाली ठेवलं. तिला माझ्याशी लांबलचक बोलायचं असलं की ती असंच करते.

"तिनं मुद्दाम नाई केलं," माय म्हणाली. "तिले येतच नोतं."

मी म्हटलं, "काय येत नव्हतं?"

"ते इंगळे मास्तरचं. बीजगणित. इंग्रजी बी नोतं येत. निकालाच्या दिवशी गोठ्यात बसून रडत होती. मले म्हणे, माय, माह्या डोक्यात नाई जात. मंदीले ऐकू येत नाई तरी समजते, मले ऐकू येऊन समजत नाई. मले शपथ घातली तिनं, मंदीले सांगजो नको म्हणे."

"का?"

"काऊन म्हंजे? लाज वाटली तिले. मोठी होती न ते." मायनं पदरानं तोंड पुसलं. मी थांबले, कारण पदर तोंडावर असताना मला काही दिसत नाही. "मंग तूच तिले म्हणलं न, का तू माह्यासाठी नापास झाली म्हणून. तवा तिले बरं वाटलं. तिनं तसंच राहू देल्लं. मंग पुढं कसं सांगन? लय डाव म्हणे, आता सांगतो, आता सांगतो. लग्नाच्या टाइमाले बी म्हणे."

मी तिच्या ओठांकडंच बघत राहिले. मायला वाटलं मला नीट कळलं नाही. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी सावकाश, एकेक शब्द तोडून सांगितलं.

"दहावी पास झाली त घरी येऊन मले काय म्हणे, माहीत आहे? म्हणे, माय, मंदीनं पास केलं मले. मंदी नसती त मी नववीतच राह्यली असती. तुले कदी बोलली नाई का?"

"नाही," मी म्हटलं.

"मले वाटलं, बोलली असन," माय म्हणाली आणि सूप परत उचललं.

तेव्हापासून मी ते सगळं पुन्हा आठवते आहे, ताई. पांदणीत उकिडवी बसलेली तू, आणि माझ्या हातातली काडी. इकडून तिकडं गेल्यावर उलटं का होतं हे तू खरंच विचारत होतीस. तुला खरंच कळत नव्हतं. मी रोज सांगत होते आणि एके दिवशी तुला कळलं. तो दिवस मला आठवतो. तू काडी माझ्या हातातून घेतलीस, स्वतः मांडलंस, बरोबर आलं, आणि तू काडी कपाशीत फेकून दिलीस. मी तेव्हा म्हटलं होतं, छान नक्कल केलीस. तू नुसती बघत राहिलीस माझ्याकडं.

मला राग यायला हवा का? एवढी वर्षं तू मला चुकीचं समजू दिलंस. नाहीतर मी तुझ्यापुढं मान वर करून बसले असते. तुझं लग्न ठरलं तेव्हा भांडले नसते. तू भाजी आणलीस की हक्कानं अजून मागितली असती. पण राग येत नाही. मला एवढंच दिसतं की पंधरा वर्षांची एक मुलगी गोठ्यात बसली आहे, तिला गणित येत नाही, आणि तिची लहान बहीण येऊन तिला विचारते की तू देवमाणूस आहेस का. ती गप वं म्हणते. मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

आणि तू उलटी चालत होतीसच. मिशी लावत होतीस, दाराबाहेर उभी राहत होतीस, गुरुजींना सांगत होतीस. ते सोंग नव्हतं. तेवढं सगळं करून तू बीजगणितात नापास झालीस. दोन्ही खरं आहे. मला एकच माहीत होतं.

तू हे मला सांगायला हवं होतंस. मला तुझी गरज होती हे सगळ्या गावाला माहीत होतं. तुलाही माझी गरज होती, हे फक्त मायला माहीत होतं.

आज सकाळी बाबा शेतावरून आले आणि मी त्यांना चहा दिला. त्यांनी विचारलं, "परत कवा जाशीन?" मी म्हटलं, सोमवारी. कचेरीत कागद साचले असतील. गुड्डीला थोडे दिवस मायकडं ठेवावं का, असं भाऊजींचं आणि बाबांचं चाललं आहे. मला विचारलं तर मी हो म्हणेन. अजून कुणी विचारलं नाही. या वेळी मी आपणहून सांगणार आहे.

माय मधून मधून माझ्या चेहऱ्याकडं बघते. तिला वाटतं, हे सांगितल्यावर तरी मी रडेन. मलाही काल तसं वाटलं होतं. मी वाट बघत बसले. डाळ निवडून झाली, मायनं डबा भरून झाकण लावलं, ऊन ओसरीतून खाली उतरलं.

अजून रडू आलेलं नाही, ताई. पण आता ते येईल तेव्हा आपल्या दोघींसाठी सारखंच येईल.